ग्रहणातली काकडी

“सांग, आत्ता तू काय करते आहेस?” प्रमोदनं फोनवर विचारलं.

त्याचा आवाज मला दोनदा ऐकू आला. एकदा कानाला लावलेल्या मोबाइलमधून आणि एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आमचं घर शाळेच्या मैदानाला लागून, मध्ये फक्त एक बोळ. मैदानावर कर्णा लावलेला होता आणि प्रमोदनं मोबाइल स्पीकरवर टाकून माइकपुढं धरला होता. म्हणजे मी जे बोलेन ते सगळी शाळा ऐकणार होती.

“काकडी चिरतेय,” मी म्हणाले.

“कशानं?”

“विळीनं.”

“आणि महिना कितवा तुला?”

असलं काही कर्ण्यावरून सांगायची सवय कुणाला असते? पण तो वाट बघत होता, आणि त्याच्या मागं पोरांची कुजबुज ऐकू येत होती. “चौथा,” मी म्हणाले. खिडकीतून टाळ्यांचा कडकडाट आत आला.

त्या दुपारी सूर्यग्रहण होतं. प्रमोद, म्हणजे माझा नवरा, तासगावच्या त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. ग्रहण म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याची चकती जमिनीवर कशी उतरवायची, हे तो पोरांना महिनाभर आधीपासून शिकवायचा आणि गावोगाव व्याख्यानं देत फिरायचा. तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. चारचौघांत आजही म्हणते. हे सांगताना मात्र तो नुसता ‘तो’ आहे. का, ते पुढं कळेलच.

खरं सांगायचं तर विळीवर बसताना मी घाबरले होते. माझी आई विट्याची. तिनं सकाळीच फोन करून बजावलं होतं, सरळ झोपून राहा, काही चिरू नको, काही मुडपू नको, पोराचा ओठ फाटतो. माझा यावर विश्वास नव्हता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. विश्वास होता तो प्रमोदवर. आदल्या दिवशी त्यानंच बाजारातून काकड्या आणल्या, विळी धुऊन ठेवली आणि म्हणाला, “मी शंभर व्याख्यानं दिली तरी लोक म्हणतात, मास्तर, स्वतःच्या घरात करून दाखवा. तू एक काकडी चिरलीस तर माझं सगळं काम होईल.” नवीन लग्नातली माया होती. तो म्हणाला असता तर मी भोपळासुद्धा चिरला असता.

सासूबाई देवघराच्या उंबऱ्यात बसून होत्या. पिण्याच्या पाण्यावर तुळशीची पानं टाकून झाली होती, जप चालू होता. काकडीची पहिली चकती पडली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“त्याचं काय जातंय,” त्या म्हणाल्या. “पोट तुझं हाय.”

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करायला आम्ही सांगलीला गेलो. बाळाचे अवयव नीट आहेत ना ते बघायची ही मोठी तपासणी असते, असं प्रमोदनं मला बसमध्ये समजावून सांगितलं होतं. त्याला समजावून सांगायला फार आवडायचं, आणि मला ऐकायला.

अंधारी खोली, थंडगार जेल आणि माझ्या पोटावरून तो गुळगुळीत ठोकळा फिरवणाऱ्या डॉक्टर मॅडम. सुरुवातीला त्या छान बोलत होत्या. हा मणका, ही मांडी, हे काळजाचे चार कप्पे. मग हसून म्हणाल्या, “बाळ लाजतंय बघा. हात घेतलाय तोंडावर. जरा फिरून या, काहीतरी गोड खा, म्हणजे हलेल.”

आम्ही बाहेर जाऊन उसाचा रस प्यालो. मी दोन ग्लास घेतले, एक माझा आणि एक लाजणाऱ्याचा. प्रमोद हसला. हसताना त्याच्या मिशीची डावी बाजू किंचित वर ओढली जायची. मिशीखाली तिथं एक वण होता. लहानपणी विहिरीच्या काठावर घसरून पडलो, दगड लागला, असं त्यानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. भरघोस मिशीत तो वण दिसायचा नाही, पण बोटाला लागायचा. मला तो वण आवडायचा. इतका हुशार माणूस कधीकाळी पळताना घसरून पडला होता, याची मला गंमत वाटायची.

पुन्हा आत गेलो. या वेळी मॅडम बोलेनात. तो ठोकळा एकाच जागी थांबायचा, थोडा तिरका व्हायचा, परत तिथंच यायचा. स्क्रीन त्यांच्याकडे वळलेली होती. मला तिची फक्त कड दिसत होती. मला दिसत होता प्रमोद. तो माझ्या पायाशी उभा राहून स्क्रीन बघत होता आणि तिचा निळसर उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. बघता बघता त्याचा हात वर गेला आणि एक बोट मिशीवर, डाव्या बाजूला, टेकलं. फळ्यावरचं गणित अडलं की तो असाच उभा राहायचा. मला वाटलं, त्याला काही समजत नसेल.

“तुम्ही बाहेर बसा हं,” मॅडम मला म्हणाल्या. “मिस्टरांशी दोन मिनिटं बोलते.”

तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा मी उठून उभी राहिले.

“काही नाही,” तो म्हणाला. “लाजतंय. शेवटपर्यंत तोंड दाखवलंच नाही. बाकी सगळं ठीक आहे.”

बसमध्ये मी पोटावर हात ठेवून त्या लाजाळूशी बोलत बसले. आईच्या पोटात असताना एवढं लाजतंय, तर शाळेत गेल्यावर काय करणार, असं काहीबाही. प्रमोद खिडकीबाहेर बघत होता. ऊन लागत असेल म्हणून मी माझा पदर त्याच्या बाजूला धरला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली विळी गायब झाली. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, धार लावायला दिलीय. मग चाकू गेला, कात्री गेली, सुईसुद्धा. भाजी त्या स्वतः परसात बसून चिरायच्या आणि मला आणून द्यायच्या. दर रविवारी सूर्याला अर्घ्य द्यायला लागल्या, उपासही धरला. मी समोरून गेले की त्यांची नजर माझ्या हातांवर जायची. तोंडावर नाही, पोटावर नाही, हातांवर. सातवा लागला तरी डोहाळेजेवणाचं नाव कुणी काढेना.

माझ्या मनात एकच शंका येत होती. गर्भलिंगनिदान केलं जात नाही, असा हा एवढा मोठा फलक त्या सेंटरच्या भिंतीवर होता, पण फलक काय, सगळीकडेच असतात. प्रमोद आत एवढा वेळ काय करत होता? मुलगी आहे हे यांना कळलंय आणि म्हणून घरात सुतक आल्यासारखं झालंय, असं मी धरून चालले. एक दिवस न राहवून त्याला विचारलंच.

“मी असलं विचारीन?” तो म्हणाला. “मी?”

त्याला इतकं मनापासून लागलं होतं की मीच खजील झाले. त्याचा तो ‘मी?’ अगदी खरा होता. त्यानं ते विचारलं नव्हतंच. मी मग स्वतःलाच चार शब्द सुनावले, की सोन्यासारख्या माणसावर संशय घेतेस, लाज नाही वाटत?

त्याच सुमारास माझे पाय सुजले. तासगावच्या डॉक्टरांनी बाळाची वाढ बघायला पुन्हा सोनोग्राफी सांगितली. प्रमोद म्हणाला, शनिवारी मी येतो, तोवर थांबू. डॉक्टर म्हणाले, थांबायचं नाही. त्याच्या शाळेत तपासणीसाठी साहेब आलेले, त्याला निघता येईना. शेवटी मी अक्कांबरोबर गेले. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, प्रमोदपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, कवलापूरला दिलेल्या. गडगडाटी हसायच्या, सगळ्यांची कामं अंगावर घ्यायच्या. त्या बाहेर बाकड्यावर बसल्या आणि मी आत गेले.

त्याच मॅडम होत्या. पाणी किती आहे, वजन किती आहे, डोकं कुठं आहे, सगळं बघून झालं. सगळं छान होतं. मला हायसं वाटलं आणि मी लाडात विचारलं, “आज तरी दाखवलं का त्यानं तोंड?”

मॅडमचा हात थांबला.

“तोंड मागच्या वेळीच दिसलं होतं की,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “तुम्हाला मिस्टरांनी काही सांगितलं नाही? मी सांगतो म्हणाले होते. ती घाबरते, सावकाश सांगतो, म्हणाले.”

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी स्क्रीन धरून माझ्याकडे फिरवली. आजवर मी तिची फक्त कड बघितली होती.

“घाबरू नका, आधी बघायला शिका,” त्या म्हणाल्या. “काळं दिसतं ते पाणी. पांढरं स्वच्छ दिसतं ते हाड. मधलं करडं ते मांस. आता इथं बघा. ही हनुवटी. या दोन काळ्या टिकल्या, या नाकपुड्या. आणि त्यांच्या खाली ही कमान आहे ना, तो वरचा ओठ.”

मला कमान दिसली. ती एका बाजूनं नीट वळत आली होती आणि दुसऱ्या बाजूला, नाकपुडीच्या बरोबर खाली, तुटली होती. मध्ये एक काळी फट होती.

“ही बाळाची डावी बाजू. ओठ इथं जुळलेला नाही. बाकी बाळ उत्तम आहे. जन्मल्यावर दूध पाजताना थोडी काळजी घ्यायची, आणि तीन-चार महिन्यांचं झालं की शस्त्रक्रिया करून ओठ शिवतात. पुढं वण राहतो, एवढंच.”

मी रडले नाही. माझं बाळ जिवंत होतं, समोर हलत होतं. पण माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले ते असे, “मी ग्रहणात काकडी चिरली होती.”

मॅडम हसल्या नाहीत. “कितव्या महिन्यात?”

“चौथ्या.”

“ओठ दुसरा महिना संपायच्या आत जुळतो. तुम्ही काकडी घेऊन बसलात तेव्हा हे केव्हाच होऊन गेलं होतं. तुम्ही त्या दिवशी काकडी चिरा नाही तर झोपून राहा, काही फरक पडणार नव्हता. मिस्टरांनीही मागच्या वेळी हेच विचारलं होतं. त्यांनाही मी हेच सांगितलं.”

म्हणजे त्यानं विचारलं होतं. आणि त्याला उत्तर माहीत होतं. घरातली विळी लपवली गेली, रविवार धरले गेले, माझ्या हातांकडे बघितलं गेलं, त्या प्रत्येक दिवशी त्याला उत्तर माहीत होतं.

“कधीकधी हे घराण्यातून येतं,” मॅडम पुढं म्हणाल्या. “मिस्टर म्हणाले, त्यांच्याकडे कुणाला नाही. तुमच्या माहेरी आहे का कुणाला?”

“नाही,” मी म्हणाले. आणि पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. डावी नाकपुडी. तिच्या खालची फट. ती जागा मी ओळखत होते. डोळे मिटून बोट टेकवलं असतं तरी बरोबर तिथंच टेकलं असतं, इतकी ती माझ्या ओळखीची होती.

बाहेर येऊन मी अक्कांना विचारलं, “अक्का, हे लहानपणी कुठं पडले होते?”

“कोण, पम्या? देवळाच्या पायरीवरनं,” अक्का लगेच म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पिशवी उचलली. “चल, गाडी जाईल.”

मला त्यानं विहीर सांगितली होती.

संध्याकाळी प्रमोद शाळेतून आला. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी चहा ठेवला, कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “मॅडमनी तोंड दाखवलं.”

त्यानं कप खाली ठेवला. तो खोटं बोलला नाही. बोलला असता तर कदाचित मला सोपं गेलं असतं. खुर्चीत बसून, माझ्याकडे न बघता त्यानं सगळं सांगितलं. तो जन्मला तेव्हा त्याचा ओठ असाच होता. मिरजेला नेऊन शिवला. आणि त्याच्या आजीनं, म्हणजे सासूबाईंच्या सासूनं, त्याचं खापर सुनेवर फोडलं, की हिनं ग्रहण पाळलं नाही. खरं तर सासूबाईंनी ग्रहणात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पण जन्मभर बोलणी खाल्ली. म्हणून मग त्यांनी सगळ्यांना पढवून ठेवलं, पोरगा पडला होता. मिसरूड फुटेपर्यंत तो वर्गात तोंडावर हात धरून बसायचा. मिशी आली आणि सुटला.

हे ऐकताना मला त्याची कणव आली. आजही येते, ती मी नाकारत नाही.

“तुम्हाला माहीत होतं, काकडीचा काही संबंध नाही,” मी म्हणाले.

“होतं.”

“आणि हे तुमच्याकडून आलंय, तेही.”

त्यानं कप थोडा पुढं सरकवला.

“मग आईंना सांगितलं का नाहीत?”

“सांगायला गेलो,” तो म्हणाला. “ओठाचं सांगितलं. पुढचं सांगायच्या आत ती म्हणाली, त्या काकडीनं केलं सगळं. मी काही बोललो नाही. आईला काहीतरी कारण हवं होतं गं. नाहीतर परत सगळं तिच्यावर आलं असतं, माझ्यावर आलं असतं.”

“म्हणून माझ्यावर येऊ दिलंत.”

सगळ्या पंचक्रोशीत ग्रहणावर व्याख्यानं देणारा माणूस, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ग्रहणाच्याच आड जाऊन उभा राहिला. तेही मला पुढं करून. ती काकडी कुणी आणली होती? विळी कुणी धुऊन ठेवली होती? कर्ण्यावरून गावाला कुणी ऐकवलं होतं? मला संताप आला तो लपवण्याचा नव्हे. माणूस वण लपवतो, मी समजू शकते. पण स्वतःचा वण झाकायला त्यानं माझे हात वापरले, हे माझ्या मनात सुरीसारखं रुतलं.

तो खाली, माझ्या पायाशी येऊन बसला. म्हणाला, बाळ सुखरूप येऊ दे. आत्ता बोललो तर घरात रणकंदन होईल, तुला त्रास होईल. बारशाला सगळे जमतील, अक्का, आई, शेजारीपाजारी. तेव्हा मी स्वतः सांगेन. “मिशी काढून सांगेन,” तो म्हणाला. “तोवर तू काही बोलू नको.”

आणि मी बोलले नाही. त्याच्यावर विश्वास ठेवायची मला सवय लागली होती, आणि सवयी लवकर जात नाहीत.

मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सांगलीचा दवाखाना जवळ असावा म्हणून मी तासगावातच राहिले आणि आईच विट्याहून आली. लेक काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची, ओठाला तीच फट. चमच्यानं दूध पाजताना ती माझ्याकडे अशी टक लावून बघायची की मला फट दिसायचीच नाही, डोळेच दिसायचे.

बारशाच्या सकाळी मी बाळंतिणीच्या खोलीतून प्रमोदला आरशापुढं उभा असलेला बघितलं. हातात कात्री होती. तो बराच वेळ उभा होता. मग त्यानं मिशीचे दोन वाढलेले केस कातरले, कंगवा फिरवला आणि सदरा घालायला गेला. मी दारातून बघितलं तेव्हा म्हणाला, “लोक जमू देत. मग सांगतो.”

लोक जमले. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, घुगऱ्या शिजल्या होत्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्याच्या मानानं अक्कांनी पाळण्यात वाकून लेकीच्या कानात नाव सांगितलं, “शर्वरी.” बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. सगळी हसली, मीही हसले.

मग बायका पाळण्याभोवती जमल्या आणि आपल्याकडे चालतं ते सुरू झालं. पोर कुणावर गेलंय. कपाळ आईवर गेलंय. कान आजीचे. बोटं लांब आहेत, अक्कांवर गेलीत. रंग बापाचा. एकेक अवयव वाटून दिला जात होता आणि प्रत्येक जण आपापला वाटा घेऊन खूश होत होता. फक्त ओठाचं नाव कुणी घेत नव्हतं. शेवटी शेजारच्या मालनमावशी पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, “कर्ण्यावर ऐकलं हुतं बाई त्या दिवशी. माझ्या मनात तवाच पाल चुकचुकली. एका काकडीपायी लेकराच्या तोंडाला ग्रहण लागलं.”

सासूबाईंनी उसासा सोडला. बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातांकडे.

मी प्रमोदकडे बघितलं. तो दाराशी, हातात घुगऱ्यांचं ताट घेऊन उभा होता. ही वेळ होती. यापेक्षा चांगली वेळ कुणी त्याच्या पुढ्यात आणून ठेवली नसती. मी वाट बघितली. त्याचं बोट मिशीवर गेलं, डाव्या बाजूला टेकलं आणि तिथंच राहिलं.

मग मी बोलले. आवाज चढवला नाही. “मावशी, ओठ ग्रहणावर नाही गेलेला. बापावर गेलाय.”

घुगऱ्यांच्या ताटातला चमचा खणकला, तेवढाच काय तो आवाज. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझी आई उठून उभी राहिली. सगळे प्रमोदकडे बघत होते आणि माझ्या मनात अजून, अजूनही, आशा होती. वाट मी मोकळी करून दिली होती. त्यानं फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

तो हसला. मिशीची डावी बाजू वर ओढली गेली.

“काहीतरीच काय,” तो म्हणाला. “बाळंतीण आहे, मनावर घेतलंय तिनं. अहो, मी लहानपणी विहिरीवर पडलो होतो. अक्का होती की तिथं. सांग गं अक्का.”

अक्का माझ्या लेकीवर वाकलेल्याच होत्या. त्यांचा हात पाळण्याच्या कडेवर होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“व्हय की,” त्या म्हणाल्या. “देवळाच्या पायरीवरनं पडला हुता. किती रगत गेलं.”

विहीर गावाच्या एका टोकाला आणि देऊळ दुसऱ्या टोकाला. पण कुणाच्या लक्षात आलं नाही. मालनमावशींनी मान डोलावली, म्हणाल्या, पोरीला जरा पडू द्या, दमलीय ती. सासूबाईंच्या गालांवर रंग परत आला. प्रमोद घुगऱ्या वाटायला लागला. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यानं माझ्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या, जरा जास्तच. मी त्या तशाच खाली ठेवल्या. लहानपणी तो कुठं पडला की नाही कोण जाणे. त्या दिवशी मात्र तो माझ्या मनातून उतरला.

त्यानंतर मी ना भांडले, ना घर सोडलं. शर्वरीचा ओठ शिवला, छान शिवला. वरून एक बारीक रेघ तेवढी आहे, हसली की डावी बाजू जरा वर जाते. ही रेघ कशाची, असं तिनं विचारलं तेव्हा मी तिला खरं ते सांगितलं. विळी मी माळ्यावरून शोधून काढली आणि सासूबाईंच्या देखत रोज तिच्यावर बसले. अखेरच्या दिवसापर्यंत त्यांनी माझ्या हातांकडे बघायचं सोडलं नाही.

पोरगी दहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा एक ग्रहण आलं. सकाळचं होतं. मैदानावर कर्णा लागला. प्रमोदची मिशी आता निम्मी पांढरी झाली होती, पुठ्ठे मात्र तेच होते. त्या दिवशी शर्वरीच्या अंगात जरा तापाची कसर होती म्हणून घरी ठेवली होती. मी मुद्दाम काकडी आणली होती. विळी मांडून बसले आणि मोबाइल शेजारी ठेवला. त्यानं फोन केलाच असता, तर काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. सगळ्या शाळेला ऐकू गेलं असतं.

फोन आला नाही. खिडकीतून त्याचा आवाज मात्र येत होता, खणखणीत, तसाच समजावून सांगणारा.

“मुलांनो, ग्रहणात चिरल्यानं बाळाचा ओठ फाटतो, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. बाळाचा ओठ दुसरा महिना संपायच्या आतच जुळतो.”

विळीवर माझा हात थांबला. हे वाक्य मॅडमचं होतं. हे त्याला दहा वर्षं पाठ होतं. आपल्या आईपुढं ते त्याच्या तोंडून कधी निघालं नाही, बारशाला निघालं नाही, आणि आता तो ते परक्यांच्या पोरांना कर्ण्यावरून वाटत होता.

“मग असा ओठ का होतो?” कर्णा म्हणाला. मध्ये जरा थांबला. त्याचं बोट तेव्हा कुठं असेल ते मला घरात बसून दिसलं. “त्याचं कारण शास्त्राला अजून पुरतं कळलेलं नाही.”

शर्वरी माझ्या समोर पाटावर बसली होती. तिनं ताटातली काकडीची चकती उचलली.

“आपल्याला कळलंय की,” ती म्हणाली, आणि मीठ मागितलं.